वर्धा जिल्ह्यातील परदेशी रहिवासी व लोकव्यवहार

वर्धा जिल्ह्यातील परदेशी रहिवासी व लोकव्यवहार : परदेशातून येऊन वर्धा जिल्ह्यात वास्तव्य केलेल्या व्यक्तींना स्थानिक लोकांशी वागताना भाषा, संबोधने, खानपान, शिष्टाचार, शकुनापशकुन इ. बाबतींत जे भेद जाणवतात, त्यांचा विचार येथे केला आहे. व्यापार वा राज्यकारभार यांच्या निमित्ताने परदेशी लोक भारतातील अनेक शहरांत राहिले. परंतु त्यांची वस्ती बहुधा स्वतंत्र असे. वर्धा येथील परिस्थिती वेगळी होती. १९३४ नंतर हे महात्मा गांधींचे मुख्य कार्यस्थान झाल्यामुळे येथे आलेले बहुतेक परदेशी खेड्यात, खेडुतांप्रमाणे राहण्याच्या उद्देशाने आले. त्यामुळे लोकव्यवहारातील बारीकसारीक भेद त्यांच्या दृष्टीने केवळ कुतूहलाचा विषय राहिले नाहीत; हाती घेतलेल्या कार्याचे यशापयश पुष्कळ अंशी त्यांवर अवलंबून राहिले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : इंग्रज नौसेनाधिकाऱ्याची कन्या मॅडलिन स्लेड ऊर्फ मीराबेन (१८९२–१९८२) या १९२५ मध्ये साबरमती आश्रमात दाखल झाल्या. पुढे वर्ध्यालगतच्या सिंदी या खेड्यात त्यांनी ग्रामसफाईचे काम केले व त्यानंतर वर्ध्यापासून सु. ८ किमी. अंतरावरील सेगाव येथे त्या राहावयास गेल्या. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी सेगावास आले. मीराबेन यांच्यासाठी उभारलेली कुटी पुढे गांधीजींच्या वापरात आली व तीच ‘बापू कुटी’ म्हणून प्रसिद्ध झाली. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव व हे सेगाव या नावांतील सारखेपणामुळे टपालाची गल्लत होत असे. म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव ‘सेवाग्राम’ असे बदलण्यात आले. स आणि श यांतील उच्चारभेद परक्या माणसाला, किंबहुना टपाल खात्यालाही, किती अडचणीचा ठरू शकतो याचे हे बोलके उदाहरण होय.

सेवाग्रामशी संबंध आलेल्या परदेशीयांत बरीच विविधता आढळते. जपानी बौद्ध भिक्षू निचिदात्सु फुजी यांनी १९३३ मध्ये वर्धा येथे गांधीजींची भेट घेतली. त्यांच्या पंथाचे भिक्षू पुढे आश्रमात राहिले व त्यांचा जपानी मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत समाविष्ट झाला. जपान महायुद्धात उतरल्यावर (डिसेंबर १९४१) आश्रमातील जपानी भिक्षूस अटक झाली. तथापि प्रार्थनेतील मंत्र तसाच राहिला. इटलीत जन्मलेले लांझा देल व्हास्तो हे १९३७ मध्ये वर्ध्यास आले. गांधीजींनी त्यांना ‘शांतिदास’ हे नाव दिले. दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींचे सहकारी हर्मन कॅलेनबाख १९३७ व १९३९ मध्ये येऊन गेले. अमेरिकन पत्रकार लूई फिशर यांनी जून १९४२ मध्ये येथे एक आठवडा काढला. सिलोनचे (आताचे श्रीलंका) ई. डब्ल्यू. आर्यनायकम् यांनी हिंदुस्थानी तालीमी संघाचे काम दीर्घकाळ सांभाळले. इंग्रज शिक्षणतज्ञ मार्जरी साइक्स यांनी १९५० च्या दशकात सेवाग्राम येथे नई तालीमच्या शिक्षकांचे प्रशिक्षण केले. डिसेंबर १९४९ मध्ये येथे जागतिक शांततावाद्यांची परिषद भरली, तेव्हा अनेक देशांचे प्रतिनिधी एकत्र आले होते.

आश्रम व गाव : परदेशी व्यक्तीला येथे प्रत्यक्षात दोन समाजांशी जुळवून घ्यावे लागे. त्यांपैकी एक आश्रमाचा. तेथील दिनक्रम घंटेवर चाले, नियम लिखित व सर्वांना सारखे असत आणि भाषा हिंदुस्थानी, गुजराती व इंग्रजी अशी मिश्र होती. नियम स्पष्ट असल्याने नवख्याला ते शिकता येत. दुसरा समाज गावाचा. त्याचे नियम कोणी लिहून ठेवलेले नव्हते. ते चुकल्यावरच कळत. त्यातही गावकरी पाहुण्याची चूक तोंडावर दाखवीत नाहीत, त्यामुळे ती कळण्यासही बराच काळ लागे.

आहाराच्या बाबतीत हा भेद स्पष्ट दिसतो. आश्रमातील जेवण बिनमसाल्याचे, उकडलेल्या भाज्यांचे असे. तिखट खाण्याची सवय नसलेल्या युरोपीय माणसाला ते सोसे; उलट अनेक भारतीयांनाच ते जड जाई. फिशर यांनीही या जेवणाच्या एकसुरीपणाची नोंद केली आहे. गावातील घरी मात्र ज्वारीची भाकर, झुणका, मिरचीचा ठेचा, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी असा आहार असतो. म्हणजे आश्रमात वर्षभर जेवलेल्या माणसालाही शेजारच्या घरातील पहिला घास परकाच वाटे. भाषेचीही तीच स्थिती होती. आश्रमात पुरेशी ठरणारी हिंदी गावातील घराच्या उंबरठ्यापर्यंतच नेत असे.

हवामानाचा ताणही लहान नसतो. मे–जूनमध्ये येथील तपमान ४५° से. च्या आसपास जाते. फिशर हे पाण्याने भरलेल्या टबात खोके ठेवून त्यावर बसत व टबाबाहेरील दुसऱ्या खोक्यावर टंकलेखनयंत्र ठेवून आपली टिपणे लिहीत. गावकऱ्यांचे उपाय याहून साधे असत : मातीच्या जाड भिंती, कवेलूचे छप्पर, डोक्याला पांढरा दुपट्टा व भर दुपारी घराबाहेर न पडण्याची शिस्त. दुपारी बंद असलेले दार हे अनास्थेचे लक्षण नव्हे, हे परक्यास प्रथम उमगत नाही.

भाषा : वर्धा जिल्ह्याची प्रमुख भाषा मराठी असून तिचे बोलरूप वऱ्हाडी–नागपुरी गटात मोडते. ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) या बोलींची नोंद आहे. जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांतात, म्हणजेच नंतरच्या मध्य प्रदेश राज्यात होता. त्यामुळे हिंदीचा वावरही जुना आहे. काही भागांत गोंडी बोलणारे लोकही आहेत. पुस्तकावरून मराठी शिकलेल्या परदेशी माणसाला येथे ‘मला, तुला’ याऐवजी ‘मले, तुले’ ऐकू येते. ‘का’ याऐवजी ‘काहून’ आणि ‘करत आहे’ याऐवजी ‘करून रायला’ असे प्रयोग आढळतात. ळकाराच्या जागी पुष्कळदा यकार येतो (उदा., डोळा–डोया, काळा–काया). ग्रामीण बोलीत स्त्रियाही ‘मी येतो’, ‘मी जातो’ अशी रूपे वापरतात, त्यामुळे कष्टाने पाठ केलेले लिंगभेदाचे नियम डळमळतात. शब्दसंग्रहही वेगळा आहे : शेताला ‘वावर’, कपाशीच्या झाडाला ‘पऱ्हाटी’, बटाट्याला ‘आलू’ म्हणतात, ‘सांबार’ म्हणजे दक्षिणी कालवण नसून कोथिंबीर होय.

हिंदी आधी शिकून आलेल्यांची अडचण निराळी असते. दोन्ही भाषांत रूपाने सारखे पण अर्थाने भिन्न असे अनेक शब्द आहेत. ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण, तर मराठीत दंड. ‘चेष्टा’ म्हणजे हिंदीत प्रयत्न, तर मराठीत थट्टा. ‘राग’ हा शब्द हिंदीत मुख्यतः संगीताशी निगडित, तर मराठीत त्याचा नेहमीचा अर्थ क्रोध. ‘संसार’ म्हणजे हिंदीत जग, तर मराठीत घरप्रपंच. ‘खाली’ म्हणजे हिंदीत रिकामे, तर मराठीत तळाशी. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या शिक्षणपद्धतीला हिंदीत ‘बुनियादी शिक्षा’ म्हणतात. हिंदी न जाणणाऱ्या मराठी पालकाच्या कानाला हे नाव कसे लागेल, याची कल्पना करता येते. मराठीत म्हणूनच ‘मूलोद्योग शिक्षण’ किंवा ‘नई तालीम’ अशी नावे रूढ झाली. काळवाचक शब्दांतही गुंतागुंत आहे. हिंदीत ‘कल’ हा शब्द मागील व पुढील अशा दोन्ही दिवसांना लागू पडतो. मराठीत ‘काल’ व ‘उद्या’ हे वेगळे आहेत, मात्र ‘परवा’ दोन्हीकडे चालतो.

सर्वांत मोठी अडचण मात्र लोकांच्या सौजन्यातून निर्माण होते. अनोळखी माणूस दिसताच येथील मराठी भाषक स्वतःहून हिंदीत बोलू लागतो. पाहुण्याला त्रास होऊ नये हा त्यामागील हेतू असतो. पण परिणामी पाहुणा कित्येक वर्षे राहूनही घरात चालणारे बोलणे समजण्यास असमर्थ राहतो.

संबोधने व नाती : मराठीत द्वितीय पुरुषासाठी ‘तू’, ‘तुम्ही’ व ‘आपण’ अशी तीन रूपे आहेत. त्यांची निवड केवळ वयावर किंवा हुद्द्यावर होत नाही. आईला ‘तू’ म्हणणारा मुलगा वडिलांना बहुधा ‘तुम्ही’ म्हणतो. देवाला ‘तू’ म्हटले जाते. म्हणून ‘तू’ हे अनादराचे व ‘तुम्ही’ हे आदराचे, असे सरळ सूत्र लावणारा परदेशी माणूस घोटाळ्यात पडतो. प्रथम पुरुषी अनेकवचनातही भेद आहे : ‘आम्ही’ या शब्दात ऐकणारा येत नाही, ‘आपण’ या शब्दात येतो. एखाद्या कार्यकर्त्याने ‘आम्ही विहीर साफ करू’ म्हटले, तर गावकरी ते काम त्याचे समजतात. ‘आपण करू’ म्हटले, तर त्यांना त्यात सहभाग वाटतो.

नुसत्या नावाने हाक मारणे उद्धटपणाचे मानले जाते. नावापुढे नाते जोडावे लागते. आश्रमात ‘भाई’ व ‘बेन’ ही गुजराती वळणाची संबोधने रूढ होती व परदेशीयांना ती नव्या भारतीय नावासह मिळत. गावात मात्र ताई, बाई, काकू, मावशी, आजी, भाऊ, मामा अशी संबोधने चालतात व त्यांना अर्थ असतो. काकू ही वडिलांकडची व मावशी आईकडची. म्हणून ‘मावशी’ या हाकेत अधिक जवळीक असते. परकी स्त्री ‘बाई’ची ‘ताई’ किंवा ‘मावशी’ कधी झाली, यावरून तिला गावाने कितपत आपली मानले हे कळते. हे संबोधन मागून मिळत नाही.

अशुभनिवारक प्रयोग : मराठीत अशुभ सूचित करणारे क्रियापद टाळून त्याच्या उलट अर्थाचा शब्द वापरण्याची प्रथा आहे. निरोप घेताना ‘जातो’ असे न म्हणता ‘येतो’ म्हणतात. दुकान बंद करणे म्हणजे ‘दुकान वाढवणे’, बांगडी फुटणे म्हणजे ‘बांगडी वाढवणे’, नारळ फोडणे म्हणजे ‘नारळ वाढवणे’; दिवा विझवीत नाहीत, तो ‘शांत’ करतात किंवा ‘मालवतात’. कोशातील अर्थावर विसंबणाऱ्याला यांतून नेमका उलटा अर्थ मिळतो.

आरोग्यविषयक कामात असा गैरसमज धोक्याचा ठरतो. ‘दिवस गेले’ म्हणजे गर्भ राहिला. ‘दिवस करणे’ म्हणजे मृताचे उत्तरकार्य करणे. ‘अंगावर पिणे’ म्हणजे मुलाने आईचे दूध पिणे. ‘अंगावरून जाणे’ हे स्त्रियांच्या रक्त वा श्वेतस्रावाविषयी बोलले जाते. ‘दुखणे अंगावर काढणे’ म्हणजे उपचार न करता आजार सहन करणे. तिन्ही ठिकाणी शब्द एकच, परंतु अर्थ अगदी वेगळे. शिवाय असे बोलणे खालच्या आवाजात, पुरुषांच्या आड व बहुधा एकदाच होते. ऐकणाऱ्याला त्याच क्षणी अर्थ उमगला नाही, तर स्त्री दुसऱ्यांदा सांगत नाही. सेवाग्राम येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांचा प्रत्येक वर्ग एखाद्या खेड्याशी संबंध ठेवतो. तेथे अन्य प्रांतांतून आलेल्या भारतीय विद्यार्थ्यांनाही बोलभाषेचा हा प्रश्न परदेशीयांइतकाच भेडसावू शकतो.

घर, जेवण व जात : घरात शिरताना पादत्राणे बाहेर काढणे, चुकून पाय लागल्यास स्पर्श करून नमस्कार करणे, देणेघेणे उजव्या हाताने करणे, हे नियम परदेशी व्यक्ती लवकर शिकते. उष्ट्याची कल्पना मात्र तिला अवघड जाते. स्वतःच्या ताटातील पदार्थ प्रेमाने दुसऱ्यास देणे किंवा जेवत्या हाताने भांड्यातून वाढून घेणे, हे स्वच्छतेच्या पाश्चात्त्य कल्पनेत फारसे वावगे नाही. येथे ते निषिद्ध मानतात. जेवण व चहा यांबाबत पहिला नकार हा शिष्टाचाराचा भाग असतो आणि यजमानाचा आग्रहही. पहिल्याच नकारावर थांबणारा यजमान रुक्ष ठरतो व पहिल्याच विचारणेला होकार देणारा पाहुणा उतावळा. ‘जेवण झालं का?’ हा प्रश्न पुष्कळदा केवळ विचारपूस असतो, आमंत्रण नव्हे. ‘पाहू’, ‘बघतो’ या शब्दांत बहुधा सौम्य नकार असतो. धन्यवाद म्हणण्याची घरगुती पद्धत नाही. वरचेवर आभार मानल्यास आपल्याला परके लेखले जात आहे, असे यजमानास वाटते.

पगार किती, लग्न झाले का, मुले किती, हे प्रश्न पहिल्याच भेटीत विचारले जातात. ते खाजगी बाबींत नाक खुपसणे नसून नव्या माणसाचे स्थान निश्चित करण्याची रीत असते. त्यामागे आडनाव व जात यांची चौकशीही असते. परदेशी माणसाला जात नसल्याने तो या व्यवस्थेबाहेर राहतो, असे वरवर दिसते. प्रत्यक्षात तो कोणत्या घरी पाणी प्याला, कोणाच्या विहिरीवर गेला, यावरून त्याचे स्थान ठरे. सेगावच्या वस्तीत त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातींचे प्रमाण मोठे होते व आश्रमाच्या स्वयंपाकघरात अस्पृश्यता पाळली जात नसे. यामुळे काही घरांची दारे आश्रमीयांना उघडली, तर काहींची मिटली. सिंदी येथे मीराबेन व त्यांचे सहकारी रोज रस्त्यावरील मैला उचलत. पण गावकऱ्यांच्या सवयी फारशा बदलल्या नाहीत. सेवेची भावना उघड होती; परंतु मैला उचलणे हे एका विशिष्ट जातीचे काम, ही समजूत इतकी दृढ होती की त्या कृतीचा कार्यकर्त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ गावापर्यंत पोहोचला नाही.

सण व कालगणना : गावाचे वर्ष शेतीच्या कामांनी व सणांनी बांधलेले असते. श्रावण अमावास्येला बैलपोळा व दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होतो. या दिवशी मुले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात व त्यांना ‘बोजारा’ म्हणून पैसे वा खाऊ देतात. दाराशी आलेल्या लाकडी बैलाची पूजा करून बोजारा देणे, हा परक्या कुटुंबाला गावात सहज सामील होण्याचा मार्ग होय. सभेची वेळ घड्याळाप्रमाणे ठरवली, तरी ती वावरातील काम व जनावरांची धार यांनंतरच भरते.

तुलना : असे अनुभव केवळ याच प्रदेशापुरते मर्यादित नाहीत. थायलंडमध्ये राहणाऱ्या परदेशीयांनाही जेवणाविषयीचा प्रश्न अभिवादन म्हणून ऐकावा लागतो. वयाने मोठ्यास ‘फी’ व लहानास ‘नाँग’ अशी नात्याची संबोधने वापरावी लागतात. पाऊल दुसऱ्याकडे करून बसणे तेथेही असभ्य समजतात आणि हात जोडून केलेले ‘वाय’ हे अभिवादन नमस्काराशी मिळतेजुळते आहे. पाश्चात्त्य माणसाला तेथे ‘फरांग’ म्हणतात. हा शब्द व मराठीतील ‘फिरंगी’ यांचे मूळ सामान्यतः फार्सी ‘फरंग’ या शब्दात मानले जाते. थाई भाषेत स्वरांच्या आरोहावरोहाने शब्दाचा अर्थ बदलतो. मराठीत तशी अडचण नाही. पण अल्पप्राण व महाप्राण, दंत्य व मूर्धन्य, तसेच ‘चमचा’ व ‘चहा’ यांतील दोन प्रकारचे च, हे भेद युरोपीय कानाला सहजी कळत नाहीत.

सद्यःस्थिती : मीराबेन यांनी १९५९ मध्ये भारत सोडला व उर्वरित आयुष्य ऑस्ट्रियात काढले, भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण (१९८१) देऊन गौरविले. सेवाग्राम आश्रमाला आजही अनेक देशांतील लोक भेट देतात, मात्र त्यांचा मुक्काम बहुधा अल्पकाळाचा असतो. दीर्घ वास्तव्याचे नवे निमित्त महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयामुळे (स्थापना १९९७) निर्माण झाले. येथे परदेशी विद्यार्थी हिंदी शिकण्यासाठी येतात व मराठी प्रदेशात राहतात. वर्गात प्रमाण हिंदी, बाजारात वऱ्हाडी वळणाची हिंदी आणि घरमालकाच्या स्वयंपाकघरात मराठी, असा तिहेरी अनुभव त्यांना येतो. सेवाग्रामच्या पूर्वीच्या परदेशी रहिवाशांपुढील आश्रम व गाव हे द्वैत त्यांच्यापुढे विद्यापीठ व शहर या स्वरूपात उभे राहते.

एकंदरीत पाहता वेश, आहार व दिनक्रम यांतील भेद परदेशीयांनी येथे निश्चयाने व तुलनेने लवकर ओलांडले. बोलीतील भेद मात्र निश्चयाने ओलांडता येत नाही. तो घरातील माणसांनी, विशेषतः स्त्रियांनी व मुलांनी, रोजच्या सहवासातून शिकवावा लागतो; आणि त्यासाठी त्यांनी पाहुण्याशी हिंदी सोडून आपल्या बोलीत बोलण्याइतका विश्वास दाखवणे आवश्यक असते.